हा ऑप्शन खरंच लागतो का?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाबांना तर नाहीच. आणि ज्या माणसाला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याच्या खाटेशेजारी बसून मी नेमकं उलटं बोलून आलो. ते येईलच पुढे. मला जरा तिथवर पोचू द्या. मनातल्या मनात ही गोष्ट मी किती वेळा सुरू केली असेल — आणि दर वेळी कंपायलरपाशी येऊन रेंगाळतो. का, ते मला कळतं. तांत्रिक भाग सांगताना मान वर ठेवता येते. माणसांचा भाग आला की येत नाही.

तरी सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण सगळं एका प्रश्नापासून सुरू झालं. प्रश्न साधा होता. आणि अजूनही सांगतो, प्रश्न चुकीचा नव्हता — पण हे मी आत्ताच कशाला सांगतोय? बघा, असं होतं. तोंड उघडलं की आधी स्वतःची बाजू घेतो.

मी उरणचा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. अजूनही बाजारात ते दिसले की पन्नाशीचे गडी चपला सरकवून बाजूला उभे राहतात. आमच्या बौद्धवाड्यातून इंजिनिअर झालेला मी पहिला. त्याचं कौतुक बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कुणी घरी आलं की माझ्या कामाबद्दल विचारण्याआधीच ते सांगायला लागायचे — आमचा मुलगा गॅसचे अलार्म बनवतो, माणसं वाचतात त्याने.

ते खरं होतं. नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो आणि आम्ही बर्फाच्या कारखान्यांसाठी अलार्म बनवतो. बंदरावरच्या बोटींना बर्फ लागतो, बर्फ करायला अमोनिया लागतो, आणि अमोनिया गळला तर डोळे, घसा, फुप्फुसं, काही सोडत नाही. वास सगळ्यांनाच येतो म्हणा. पण बारा महिने त्या वासात राहिलेल्या माणसाला थोडा आणि जास्त यातला फरक कळेनासा होतो. म्हणून आमचा डबा. भिंतीवर लावायचा. तो थोड्या थोड्या वेळाने हवा तपासतो, सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, प्रमाण वाढलं की लाल दिवा आणि भोंगा. बस, एवढंच.

या डब्याचा प्रोग्राम रेहाना मॅडमनी लिहिला होता. त्या मूळच्या म्हसळ्याच्या, माझ्यापेक्षा वयाने आणि कामाने खूप मोठ्या. मला शिकवलं त्यांनीच. त्या वर्षी त्यांची आई अंथरुणाला खिळली म्हणून त्या रजा घेऊन गावी गेल्या आणि डबा माझ्या हातात आला. नेमकं तेव्हाच साहेबांनी ठरवलं की गळती झाली तर मालकाच्या मोबाईलवर मेसेजही गेला पाहिजे. मी ते लिहिलं. चांगलं लिहिलं. पण आमच्या डब्यातली चिप जुनी आणि तिची मेमरी एवढीशी. प्रोग्राम त्यात मावेना. थोडक्यासाठी मावेना.

आता कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम, तो कंपायलर. त्याला आधी काही सूचना द्यायच्या असतात — असं कर, तसं करू नको. त्यांना आम्ही ऑप्शन म्हणतो. मॅडमनी अशा ऑप्शनांची लांबलचक रांग लावून ठेवली होती. काही माझ्या ओळखीचे, काही नाही. मी एकेक काढून बघायला लागलो. आणि त्यातला एक काढल्यावर प्रोग्राम अलगद मावला. भोंगा वाजत होता, दिवे लागत होते, मेसेज जात होता. मग तो ऑप्शन तिथे करत काय होता?

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, साहेबांसमोर, मॅडमना फोन लावून मी तेच विचारलं. "मॅडम, हा ऑप्शन खरंच लागतो का?"

"लागतो," त्या म्हणाल्या.

"का पण?"

फोनवर त्यांच्या आईचं कण्हणं ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, "आत्ता नेमकं आठवत नाही रे. वेळ मोजण्याचं काहीतरी होतं. पण उगाच टाकलेला नाही मी तो. काढायचाच असेल तर डबा टेबलावर ठेव आणि महिनाभर सलग चालव, मध्ये एकदाही बंद न करता. मग काढ."

मी साहेबांकडे बघून हसलो. आवाज न करता, भुवया उंचावून. आठवत नाही म्हणे, पण लागतो! साहेबही हसले. फोनच्या पलीकडे त्या बाईला काही दिसलं नाही, हे बरं की वाईट? एवढ्याशा हसण्याला एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्या हसण्यानंतर मला माघार घेता येईना. ऑप्शन काढता यायलाच हवा होता.

मी डबा टेबलावर ठेवला. खरंच ठेवला. पहिले काही दिवस रोज येऊन बघायचो. हिरवा दिवा, सगळं ठीक. मग एका दुपारी माझा मोबाईल बंद पडायला आला होता, आणि टेबलाजवळ मोकळा प्लग नव्हता. मी डब्याची पिन काढून चार्जर लावला. इतकंच. मोबाईल चार्ज झाल्यावर डबा परत लावला. पण सलग या शब्दाला तिथे अर्थ उरला नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवं होतं. साहेब घाई करत होते. गिऱ्हाईक मेसेजची वाट बघत होतं. "झाला का रे महिना?" साहेबांनी विचारलं.

"झाला, सर. काही झालं नाही."

हा पहिला खोटेपणा. बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही. पुढे मॅडम परत आल्या तेव्हा त्यांनीही विचारलं, "सलग चालवलास ना?" मी हो म्हणालो. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "माझी उगाच भीती होती. तू तपासलंस ते चांगलं केलंस." त्यांनी माझे आभार मानले. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. डबे अजून बसायचे होते. नुसतं म्हणायचं होतं, मॅडम, थोडं राहिलंय, परत लावतो. मी म्हणालो, "चहा घेणार?"

नवे डबे बंदराबंदरांवर बसले. एक आमच्याच उरणजवळच्या बंदरावर, हसुराम काकांच्या कारखान्यात.

हसुराम काका. इथवर आलो एकदाचा.

ते त्या कारखान्यात कॉम्प्रेसरचे ऑपरेटर होते. कारखाना शेठचा, पण बंदरावर त्याला सगळे हसुरामचा कारखानाच म्हणायचे. बाबांपेक्षा थोडेच लहान. त्यांची दोन्ही मुलं बाबांच्या वर्गात शिकली. मी डबा बसवायला गेलो तेव्हा त्यांनी मला हाताला धरून सगळ्यांना दाखवलं, "मास्तरांचा पोरगा हाय. त्यानं बनवलाय. आता भ्याची गोष्ट न्हाय." आधीचा जुना अलार्म दमट हवेत उगाचच ओरडायचा, तेव्हा ऑपरेटर लोक वैतागून त्याचा खटका बंद करून टाकायचे. काकाही करायचे. मी त्यांना बजावलं, हा बंद करायचा नाही. "न्हाय करनार," ते म्हणाले.

आणि त्यांनी केला नाही.

मासेमारीची बंदी उठून बोटी पुन्हा निघायच्या त्या दिवसांत बर्फाला उसंत नसते. धक्क्यावर टेम्पो आणि ट्रॉल्यांची गर्दी, बर्फ फोडायच्या मशीनचा आवाज, सगळे घाईत. एका सकाळी कॉम्प्रेसरच्या खोलीत पाइपाचा एक जोड सुटला आणि गॅस साचत गेला. काका बाहेर होते. त्यांचा मेहुणा दामू, बायकोचा सख्खा भाऊ, त्याच कारखान्यात कामाला, पान्हा आणायला आत चालला होता. वास येतोय का, असं त्याने जाताना विचारलं. काकांनी खिडकीतून डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा. "जा," ते म्हणाले, "दिवा हिरवा हाय."

दामू आत गेला आणि पडला. काका तोंडाला ओलं फडकं बांधून त्याच्यामागे गेले, त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणलं, आणि दारातच स्वतः कोसळले. दामूचा एक डोळा गेला. काकांची फुप्फुसं भाजली — डॉक्टर वेगळा शब्द वापरत होते, पण काकू असंच म्हणायच्या. भाजली.

भोंगा वाजलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पाठवलं. तू जवळचा आहेस, जाऊन बघून ये. जासईच्या पुढे ट्रेलरच्या रांगेत माझी मोटरसायकल अडकली आणि मला आठवतंय, ती रांग हलूच नये असं मला वाटत होतं. कारखाना बंद होता. गळती थांबवून खोलीची दारं-खिडक्या उघडलेल्या, तरी डोळे चुरचुरत होते. शेठ बाहेरच थांबले. मी एकटा आत गेलो.

डब्यावर हिरवा दिवा. आणि आकडा. हवेत किती गॅस आहे, तो आकडा. अगदी कमी. मी डोळे चोळत उभा, घसा खवखवतोय, आणि आकडा हलत नाही. मी वाट पाहिली. नाही हलला. बटण दाबलं. नाही हलला. डबा चालू होता आणि मेलेला होता, हिरवा दिवा लावून.

मग मी काय केलं?

मी पिन काढली. पुन्हा लावली. डबा सुरू झाला, आकडा एकदम वर उसळला, लाल दिवा लागला आणि भोंगा ओरडायला लागला. तो अडकला होता याचा तेवढाच पुरावा होता, आणि तो मी माझ्या हाताने पुसला. विचार करून केलं का? लोक म्हणतात ना, हातून घडून गेलं? नाही. पिनेला हात लावायच्या आधी मी दाराकडे बघून घेतलं होतं. कुणी बघत नव्हतं.

शेठ दारात आले. "काय रे, चालू होता का हा?"

"चालू आहे, शेठ," मी म्हणालो.

त्यांनी 'होता' विचारलं, मी 'आहे' म्हणालो. वाटलं, खोटं तर बोललो नाही. असल्या फटी मला तेव्हा फार पटकन सापडत होत्या. "म्हणजे हसुरामनं बंद ठेवला असणार," शेठ म्हणाले. "जुनी खोड आहे त्यांची. मागाहून कुणीतरी खटका चालू केला." मी भोंग्याकडे बघत राहिलो. ऑफिसात जाऊन लिहून दिलं: यंत्र व्यवस्थित आहे, घटनेच्या वेळी बंद असावं.

झालं काय होतं, ते परत येतानाच माझ्या लक्षात यायला लागलं होतं. ऑफिसात तपासून खात्री केली. डबा सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, ते मोजणारा एक आकडा आत असतो. तो वाढत वाढत शेवटाला पोचला की उलटतो. स्कूटरचं मीटर सगळे नऊ झाले की शून्यावर येतं ना, साधारण तसं. आकडा उलटला तर सांभाळून घेणारी ओळ मॅडमनी लिहिली होती. पण कंपायलरच्या हिशेबात असा आकडा उलटतच नाही. मग ती ओळ त्याला फालतू वाटते आणि तो गुपचूप काढून टाकतो. तो ऑप्शन त्याला एवढंच सांगत होता: उलटतो, ओळ राहू दे. मी ऑप्शन काढला, कंपायलरने ओळ काढली. मग आकडा उलटला की पुन्हा हवा तपासायची वेळ डब्याच्या लेखी कधी येतच नाही, तो जुनाच आकडा दाखवत बसतो. मला मेमरीत जी जागा मिळाली, ती त्यातूनच मिळाली होती.

आकडा उलटायला तीन-चार आठवडे सलग चालावं लागतं. टेबलावर महिनाभर ठेवला असता तर माझ्या डोळ्यांसमोर अडकला असता. आणि बंदरावर तोवर का नाही अडकला? लाईट जायची म्हणून. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी लाईट जातेच. गेली की डबा बंद, आली की नव्याने सुरू. आमच्या लाईट जाण्याने मला सांभाळून घेतलं होतं. त्या मोसमाआधी शेठनी मोठा इन्व्हर्टर घेतला आणि डबा त्या लाईनवर टाकला. का, तर तो कधी बंद पडू नये म्हणून.

त्या संध्याकाळी घरी जेवताना बाबा म्हणाले, "हसुराम असा निष्काळजी नाही. तो सांगतोय दिवा हिरवा होता. तू जाऊन बघितलंस ना?"

"मशीन ठीक होतं, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मग त्याच्याकडून झालं असेल. भीतीपोटी बोलत असेल बिचारा." माझ्यावर त्यांचा विश्वास होता, एवढाच त्यांचा दोष. त्या विश्वासाच्या जोरावर ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले, हसुराम काकांच्या उशाशी बसले आणि त्यांना समजावलं. मला नंतर काकूंकडून कळलं. "हसुराम, चूक कुणाच्याही हातून होते," बाबा म्हणाले होते. "ती मान्य कर. मनावरचं ओझं उतरेल." काका रडले म्हणे. मास्तरांनी सांगितलं म्हणजे तसंच असणार.

तोवर ते एकच एक सांगत होते — दिवा हिरवा होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. शेठला, पोलिसांना, दामूच्या बायकोला, सगळ्यांना. त्या बंदरावर खरं बोलणारा तो एकटा माणूस होता. आणि त्याला खोटं पाडायला मी सगळ्यांत सभ्य, सगळ्यांत विश्वासू माणूस पाठवला. माझा बाप.

काका घरी आल्यावर मी भेटायला गेलो. का गेलो? सांगायलाच गेलो होतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. खरं म्हणजे गेलो नसतो तर लोकांना विचित्र वाटलं असतं. ते पडवीत खाटेवर बसले होते. दोन वाक्यं झाली की दम लागत होता. काकू आत होत्या. त्यांच्या भावाच्या, दामूच्या घरचं कुणी दारात येईनासं झालं होतं. शेठनी काकांना कामावरून काढलं होतं, तेही जरा दयेने, पोलिसांत आणखी काही न वाढवता. त्याबद्दल काका शेठचे उपकार मानत होते.

मी खाली बघत बसलो होतो. एकदम ते म्हणाले, "पोरा, तू बगून आलास ना तो डबा?"

"हो."

"बरोबर चालत व्हता?"

मी मान हलवली.

"मग माझ्याच हातशी बंद झाला असल." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. तळवे उलटे-सुलटे करून, जणू तिथे काही सापडेल. "मना आठवत न्हाय. मना तर दिवा हिरवाच दिसतोय अजून. डोला मिटला का हिरवा दिसतोय. पन तू बोलतोस, मास्तर बोलतान... तसाच असल ना र?"

इथे. हीच ती जागा. बाकी सगळं, तो ऑप्शन, मोबाईल, पिन काढणं, त्या सगळ्याला मी कधी घाई म्हणालो असतो, कधी भीती. पण इथे घाई नव्हती. भोंगा वाजत नव्हता, साहेब नव्हते, शेठ नव्हते. एक म्हातारा माणूस स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू की नको, हे मला विचारत होता. त्याला फक्त मीच सांगू शकत होतो. जगात दुसरं कुणीच नाही.

मी म्हणालो, "असेल, काका."

त्यांनी मान डोलावली. "असल," ते म्हणाले. मग काकूंना हाक मारली, "पोरासाठी सरबत आन ग."

मी ते सरबत प्यायलो.

पुढचं थोडं आहे. मी तो ऑप्शन गुपचूप परत टाकला. मेसेजचा भाग छोटा केला, जागा केली, आणि मेसेज सुधारायच्या नावाखाली प्रत्येक बंदरावर जाऊन डबे बदलून आलो. त्यानंतर एकही अडकला नाही. रेहाना मॅडमच्या ते नजरेस आलं. "परत टाकलास तो?" त्यांनी विचारलं. "जागा झाली, म्हणून म्हटलं राहू दे," मी म्हणालो. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. त्या बंदरावरची बातमी ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. त्यांना कळलं असेल का? बहुतेक कळलं. की नाही? त्या आपल्या कामाला लागल्या, आणि त्यानंतर मला कधी काही शिकवलं नाही. पुढच्या वर्षी त्या दुसरीकडे गेल्या.

मला झोप लागत नाही, असं काही नाही हं. लागते. तसं लिहिलं असतं तर तुम्हाला माझ्याबद्दल थोडं बरं वाटलं असतं. लग्न झालं, पगार वाढला, मुलगी झाली. फक्त एका जागी बसवत नाही. बोलता बोलता मधेच उठतो, गाडीची चावी घेतो, कुठे जायचं ते ठरलेलं नसतं. बायको म्हणते, पायाला भिंगरी आहे तुझ्या. आणि कुणी हसुराम काकांचं नाव काढलं की मी लगेच, सगळ्यांच्या आधी, त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागतो.

अलीकडेच बंदरावर मच्छीमारांच्या सोसायटीने सगळ्या बर्फ कारखान्यांच्या कामगारांना बोलावून सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला. आमच्या कंपनीला डबा दाखवायला सांगितलं होतं. मी गेलो, टेबलावर डबा मांडला, भोंगा वाजवून दाखवला. मग सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, आता आपले हसुरामदादा दोन शब्द बोलतील.

ते हळूहळू पुढे आले. अंगाने अर्धे झालेले. माईक तोंडापाशी धरला तर आधी नुसता श्वासच ऐकू आला. "माझ्याकडशी चूक झाली," ते म्हणाले. "मी अलार्म बंद ठेवला. त्यापायी माझ्या मेव्हन्याचा डोला गेला. मी लय दिवस खोटा बोललो, दिवा हिरवा व्हता म्हनून. तुमी तसा करू नका. मशीन खोटा बोलत न्हाय, मानूस बोलतो." आणि सगळ्यांसमोर हात जोडले. दामू मागच्या रांगेत होता. तो उठला, पुढे आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी वेळ. मी डब्याशेजारी उभा होतो. मीही वाजवल्या.

अलार्म त्यांनी बंद केलेला नव्हता. एवढं वाक्य बोलायला दोन श्वासही लागले नसते, आणि माईक हाताच्या अंतरावर होता.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्यापाशी आले. "घरा सोरशील का र? चालवत न्हाय." मी त्यांना मागे बसवलं. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. हलका, काही वजनच नसल्यासारखा. सुकत घातलेल्या जवळ्याच्या रांगांमधून गाडी हळू काढत होतो. खड्डा आला की ते खोकायचे आणि मी आणखी हळू घ्यायचो. मधेच ते कानाशी बोलले, "बोलून बरा वाटला बग. मास्तर बरोबर बोलले व्हते. मोकला झालो मी."

मी आरशात पाहिलं. ते खाडीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. मी दिलेलं.

दारात उतरले. "ये, चा घे. तुजी काकू हाय घरान."

"उशीर होतोय, काका," मी म्हणालो.

काही उशीर होत नव्हता. सकाळच होती अजून, आणि मला कुठेही जायचं नव्हतं. ते दारातच थांबले, मी गाडी वळवेपर्यंत. मी वळवली.